औंढ्याचा काटकोन, पडद्यावर

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ 'लायगो-इंडिया' ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा होणार आहे. केंद्र सरकारने तिला 2016 मध्ये तत्त्वतः मान्यता दिली आणि 2023 मध्ये सुमारे 2600 कोटी रुपयांच्या खर्चाला मंजुरी. आराखडा अगदी साधा: काटकोनात जुळणाऱ्या, चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा. तयार मॉडेल न उचलता गेम इंजिनात थेट कोडने आकार काढायला शिकायचे असेल, तर हिंगोलीच्या मुलांसाठी मला याहून चांगला पहिला धडा दिसत नाही.

ग्राफिक्स कार्डाला शेवटी बिंदू, रेषा आणि त्रिकोण एवढेच कळते. 'युनिटी' इंजिनात त्याच्याशी बोलायला 'जीएल' नावाचा क्लास आहे. आधी मटेरियल लावायचे, 'बिगिन'मध्ये रेषा हव्यात असे सांगायचे, बिंदू द्यायचे आणि 'एंड' म्हणायचे. इथे दर दोन बिंदूंची एक सुटी रेषा होते, त्यामुळे दोन भुजांना चार बिंदू लागतात. कोपऱ्याचा बिंदू दोनदा द्यावा लागतो.

खरी परीक्षा मापाची. 'लोडऑर्थो' वापरले की पडद्याचा डावा-खालचा कोपरा (0,0) आणि उजवा-वरचा (1,1) होतो, मग पडदा कितीही रुंद असो. 1920 बाय 1080 पिक्सेलच्या पडद्यावर दोन्ही भुजा 0.4 दिल्या, तर आडवी 768 पिक्सेलची होते आणि उभी 432 ची. ज्या वेधशाळेचे सारे काम दोन भुजांच्या तुलनेवर चालते, तिच्याच भुजा विषम! म्हणून आडव्या लांबीला 1080 भागिले 1920, म्हणजे 0.5625 ने गुणायचे. 0.225 येते, आणि ती भुजाही 432 पिक्सेलची होते. नववीची निर्देशक भूमिती इथे कामाला येते.

आता लहरीचा परिणाम दाखवायला एक वर्तुळ काढू. त्यासाठी इथे वेगळी आज्ञा नाही. दर 10 अंशांवर कोसाइन आणि साइनने एक बिंदू काढायचा, असे 36 बिंदू जोडायचे आणि पुन्हा पहिल्यावर यायचे. डोळ्यांना ते गोलच दिसते. मग केंद्रापासून मोजलेल्या क्ष-ला (1 + h) ने आणि य-ला (1 − h) ने गुणा, आणि h वेळेबरोबर वरखाली होऊ द्या. वर्तुळ आळीपाळीने आडवे आणि उभे लांबट होते. समोरून येणारी गुरुत्वीय लहर अवकाशाला अशीच ताणते आणि दाबते.

पडद्यावर h 0.2 घेतला की बदल ठळक दिसतो. 14 सप्टेंबर 2015 रोजी अमेरिकेतल्या लायगोच्या दोन वेधशाळांनी पहिल्यांदा पकडलेल्या लहरीत मात्र चार किलोमीटरच्या भुजेतला फरक प्रोटॉनच्या व्यासाहूनही कितीतरी लहान होता.