पांढऱ्या कॉलरीमागचे हात

‘अमक्याचा मुलगा व्हाइट कॉलर नोकरीला लागला,’ असे आपल्या वस्तीत कौतुकाने सांगतात. जुने लोक त्यालाच पांढरपेशा म्हणत. कपड्याच्या रंगावरून माणसाची पत ठरवणारा हा इंग्रजी शब्द आला कुठून?

तो अमेरिकेतला. एकोणिसाव्या शतकात तिथले कारकून, हिशेबनीस सदऱ्याला सुटी पांढरी कॉलर लावीत. सदरा तोच, मळलेली कॉलर तेवढी बदलायची. ही युक्ती न्यूयॉर्क राज्यातील ट्रॉय गावच्या हॅना मॉन्टेग्यू या गृहिणीने १८२७च्या सुमारास काढली, असे सांगतात. पुढे ट्रॉयमध्ये कॉलरींचे कारखानेच उभे राहिले.

यंत्रावरचा कामगार मात्र निळा सदरा घाली, कारण निळ्यावर तेला-मातीचे डाग लपतात. अशा कामाच्या जाड कपड्याला इंग्रजीत ‘डंगरी’ म्हणतात. तो शब्द आपल्या मुंबईच्या डोंगरीवरून तिकडे गेला! विसाव्या शतकात ‘व्हाइट कॉलर’ आणि ‘ब्ल्यू कॉलर’ असे दोन वर्गच बोलण्यात रूढ झाले.

लेखक अप्टन सिंक्लेअर यांनी १९१९ साली यावर नेमके बोट ठेवले. कारकुनाला पगार बेताचाच, पण गळ्यात पांढरी कॉलर असल्यामुळे तो स्वतःला मालकाच्या पंगतीतला समजतो, असा त्यांचा टोला होता.

पण ती कॉलर पांढरी ठेवीत कोण? ट्रॉयच्या धुलाईघरांतल्या बाया. उकळते पाणी, दाहक रसायने, खळ आणि तापलेली इस्त्री यांत दिवसाचे बारा-चौदा तास त्या राबत. हात भाजत, मजुरी मात्र तुटपुंजी. अखेर १८६४च्या फेब्रुवारीत केट मुलानी या आयरिश कामगार तरुणीने त्यांची युनियन बांधली. सुमारे तीनशे बाया संपावर गेल्या. आठवडाभरात मालक नमले आणि मजुरी २५ टक्क्यांनी वाढली. अमेरिकेतील निव्वळ स्त्रियांच्या पहिल्या टिकाऊ युनियनांत तिची गणना होते.

म्हणजे पांढऱ्या कॉलरीचा डौल कष्टकरी बायांच्या भाजलेल्या हातांवर उभा होता. तेव्हा वाचकहो, मुलांना जरूर शिकवा, खुर्चीवर बसवा. पण बापाच्या तेलकट कपड्यांची आणि आईच्या राबलेल्या हातांची त्यांना लाज वाटू देऊ नका. कॉलर टाइट करायचीच असेल, तर ती कष्टाच्या अभिमानाने करा!