थकव्याचा आजार आणि डोंगरवाट : गैरसमज आणि वस्तुस्थिती

डोंगर चढून आलेला थकवा सुखाचा असतो. घरी येऊन कढत पाण्याने आंघोळ केली, वरणभात खाल्ला आणि रात्रभर गाढ झोपलं, की सकाळी माणूस ताजातवाना. त्यामुळे 'मला थकव्याचा आजार आहे' असं म्हटलं की ट्रेकर मित्रांना हाच थकवा आठवतो आणि ते सांगतात, "दोन दिवस आराम कर, होशील ठीक."

क्रॉनिक फटीग सिंड्रोम, म्हणजेच मायाल्जिक एन्सेफलोमायलायटिस, हे प्रकरण वेगळं आहे. यात रात्रभर झोपूनही थकवा जात नाही, बोलताना शब्द सापडत नाही, नुसतं उभं राहिलं तरी गरगरतं. असं निदान काही महिने त्रास राहिल्यावर आणि इतर कारणं तपासून झाल्यावरच होतं. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२, साखर, झोपेत श्वास अडकणं, क्षयरोग यांपैकी काहीही थकव्यामागे असू शकतं आणि त्यांवर उपचार आहेत. ते आधी तपासून घ्या. हा आजार सोबत घेऊनच मी सह्याद्रीत हिंडतो आणि फोटो काढतो. तेव्हा कानावर नेहमी पडणाऱ्या समजुतींबद्दल थोडं सविस्तर.

'सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत, म्हणजे हे मनाचंच आहे.' हा समज जुना आहे. 1955 मध्ये लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये सुमारे तीनशे जण अशा आजाराने पडले, बहुतेक तिथलेच कर्मचारी. हॉस्पिटल दोन महिन्यांहून जास्त बंद ठेवावं लागलं. 1970 मध्ये दोन मानसोपचारतज्ज्ञांनी, एकाही रुग्णाला न तपासता, केवळ नोंदी वाचून याला हिस्टेरिया ठरवलं. रुग्णांत बायका जास्त होत्या, हेही त्यांनी दिलेल्या कारणांपैकी एक! वास्तविक जागतिक आरोग्य संघटनेने 1969 मध्येच हा आजार मज्जासंस्थेच्या विकारांत घातला होता. 2015 मध्ये अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिननेही हा शरीराचा गंभीर आजार असल्याचं स्पष्ट सांगितलं. निदान करणारी एकच एक रक्तचाचणी अजून नाही, म्हणून रिपोर्ट नॉर्मल येतात. आजार नाही, असा त्याचा अर्थ होत नाही.

'रोज थोडं थोडं वाढवत न्या, स्टॅमिना येईल.' सर्वांत घातक सल्ला हाच, आणि तो बहुतेक वेळा प्रेमापोटी दिलेला असतो. निरोगी माणसाला तो लागू पडतो. ब्रिटनमध्ये 2007 पासून या रुग्णांनाही टप्प्याटप्प्याने वाढवत नेलेला व्यायाम सुचवला जात होता आणि 2011 च्या 'पेस' नावाच्या चाचणीने त्याला पाठिंबा दिला. पुढे त्या चाचणीच्या पद्धतीवर कडक टीका झाली, व्यायामाने आपण खालावलो असं असंख्य रुग्णांनी सांगितलं आणि 2021 मध्ये तिथल्या 'नाइस' या संस्थेने हा उपचार मार्गदर्शक सूचनांतून काढून टाकला. सलग दोन दिवस सायकलवर श्रमचाचणी घेतली तर निरोगी माणूस दुसऱ्या दिवशीही साधारण पहिल्या दिवसाइतकंच करतो. या आजारात अनेकांची क्षमता दुसऱ्या दिवशी घसरलेली दिसते. शरीराला काल झालेले श्रम भरूनच काढता येत नाहीत, तिथे स्टॅमिना वाढणार कुठून?

'काल तर मस्त चालला होतास!' हो, चाललो होतो. श्रमांचा फटका बहुधा 12 ते 48 तासांनी बसतो आणि काही दिवस, कधी काही आठवडे राहतो. चालताना फोटोत हसणारा माणूस परवा अंथरुणात असतो आणि तेव्हा त्याला बघायला कुणी नसतं. म्हणून वाट झेपली की नाही, हे मी पुढच्या दोन-तीन दिवसांवरून ठरवतो. अंदाजातली एक तृतीयांश ताकद संपली की मागे फिरायचं, कारण उतारही फुकट नसतो; मांड्यांना तो चांगलाच पिळतो.

'चांगला फोटो हवा तर माथा गाठावाच लागतो.' अमेरिकन छायाचित्रकार अॅन्सेल अॅडम्सचं सर्वांत गाजलेलं चित्र, न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावरचा चंद्रोदय, 1941 मध्ये रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून टिपलेलं आहे. त्याने तर गाडीच्या टपावर कॅमेऱ्यासाठी फळ्यांचा मंचच बसवून घेतला होता. निसर्गचित्रणात पायांपेक्षा प्रकाश आणि वाट बघणं महत्त्वाचं.

आपल्याकडे नाणेघाटाचं उदाहरण घ्या. कोकणातून, वैशाखरे बाजूने चढायचं तर दमछाक होते. जुन्नरकडून गाडी जवळजवळ घाटमाथ्यापर्यंत जाते. ऑक्टोबरात पावसाने हवा धुऊन निघालेली असते. 'नानाचा अंगठा' म्हणतात त्या टोकाजवळ, कड्यापासून सुरक्षित अंतर राखून, घडीच्या स्टुलावर टेकायचं आणि लांब पल्ल्याची लेन्स लावायची. सूर्य कोकणात उतरू लागला की खालच्या डोंगररांगा एकीमागे एक सुट्या होत जातात, जवळची गडद, लांबची फिकट. मागे वळलं तर जीवधन किल्ल्याच्या कड्यावर तिरपं ऊन आलेलं असतं आणि कातळातली प्रत्येक कपार दिसते. या तासाभरात जागा सोडावी लागत नाही.

मात्र 'फोटो काढणं म्हणजे आरामच' हेही खरं नाही. ट्रायपॉडमागे ताटकळणं मला चालण्यापेक्षा जास्त बाधतं, कारण या आजारात अनेकांचं शरीर उभं राहणं सोसत नाही. नाडी धडधडते, डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणून स्टूल ही चैन नाही. डोक्याचे श्रमही श्रमच असतात. एफ ८, आयएसओ १०० अशी नेहमीची सेटिंग्ज घरीच कॅमेऱ्याच्या सी-१ या कस्टम मोडमध्ये साठवून ठेवली तर ऐन वेळी आकडेमोड करावी लागत नाही. त्याच रात्री लॅपटॉपवर फोटो निवडत बसणं टाळा. ते आठवड्याने केलं तरी चालतं.

राहिलं 'रोपवेने गेलात, मग कसला ट्रेक?' रायगडला रोपवे आहे, सिंहगड आणि पन्हाळ्यावर गाडी जाते, माथेरानला मिनी ट्रेन आणि घोडे आहेत. गड पाहणं महत्त्वाचं, घाम किती गाळला याची नोंद कुणी ठेवत नाही. आणि या आजाराच्या किमान एक चतुर्थांश रुग्णांना केव्हा ना केव्हा घराबाहेर किंवा अंथरुणाबाहेर पडणंच शक्य होत नाही. त्यांना इथलं काहीच लागू नाही आणि त्यांना डोंगराचा आग्रह करणं हा अन्याय आहे.

ट्रेक नेणाऱ्या मंडळींना एक विनंती. वाटेत कुणी 'मी इथेच थांबतो' म्हणालं, तर 'अजून दहाच मिनिटं' असा आग्रह धरू नका. सावलीची जागा बघून द्या, पाणी द्या, सोबतीला एकाला ठेवा, आणि परतताना त्याच वाटेने या.