शेलूबाजार : एक गाव, अनेक अंमल

वऱ्हाडातल्या शेलूबाजारच्या काळ्या मातीवर कोणकोणत्या सरकारांचा अंमल चालला, हे प्रत्येक वऱ्हाडकराने जाणून घ्यावे, असे मला मनापासून वाटते. १८५३ च्या तहाने, निजामासाठी ठेवलेल्या कंटिंजंट फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी, निजामाने वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या हवाली केला. पुढे रयतवारी पद्धतीने जमिनीची मोजणी होऊन सारा ठरला, १९०२ मध्ये सालीना पंचवीस लाख रुपयांच्या मोबदल्यात हा प्रांत कायमच्या इजाऱ्याने इंग्रजांकडे गेला आणि १९०३ मध्ये मध्यप्रांताच्या कारभारास जोडला गेला, तरी निजामाचे नाममात्र सार्वभौमत्व तेव्हा कायम राहिले.

स्वातंत्र्योत्तर मध्य प्रदेशातील हा मुलूख १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यात, तर १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. १९९८ मध्ये अकोल्यातून वाशीम जिल्हा वेगळा झाला आणि शेलूबाजार त्यात आले.

घरात या अंमलांतील जुन्या सारापावत्या असतील, तर त्या अवश्य जतन कराव्यात. तो आपल्या प्रांताचा अस्सल दस्तऐवज आहे.