नव्या टर्बो पिकअपमध्ये कोणतं इंजिन ऑइल टाकायचं?

माझ्या भाच्यानं नवी पिकअप घेतली. मोंढ्यातून धान्य, हंगामात टरबूज-केळी, अधूनमधून लग्नाचं सामान, जे भाडं मिळेल ते. हप्ता पाच वर्षांचा. दुल्हेभाईंची जुनी गाडी विकली गेली, पण तिच्यासाठी आणलेली ऑइलची अर्धी बादली घरात तशीच होती. ऑइल बदलायची वेळ आली तेव्हा भाच्यानं विचारलं, "मामू, तीच बादली वापरू का?" मी म्हणालो, "वापर की! ऑइल ते ऑइल."

गॅरेजवर गेल्यावर उस्तादनी बादलीवरचं नाव वाचलं आणि ती बाजूला ठेवली. मला म्हणाले, "सर, गाडीचं पुस्तक आणलं का? नसेल तर आधी ते आणा."

वर्गात मुलांना रोज सांगतो, आधी प्रश्न नीट वाचा, मग उत्तर लिहा. आणि मी स्वतः न वाचताच उत्तर देऊन बसलो होतो. त्या दिवसानंतर पुस्तक वाचलं, उस्तादकडून समजून घेतलं. आपल्याकडे किती तरी घरं भाड्याच्या गाडीवर चालतात, म्हणून जे कळलं ते इथे मांडतो.

टर्बोला ऑइल एवढं का लागतं?

टर्बो म्हणजे एका दांड्यावर बसवलेले दोन छोटे पंखे. इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर एका पंख्याला फिरवतो. त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलतो. हवा जास्त, म्हणून डिझेल नीट जळतं आणि लहान इंजिन मोठ्या इंजिनासारखं ओढतं. स्वित्झर्लंडचे इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्ये या कल्पनेचं पेटंट घेतलं होतं. आज बोलेरो पिकअप, योद्धा, दोस्त, डी-मॅक्स या सगळ्या डिझेल गाड्यांत टर्बो आहे.

हा दांडा मिनिटाला एक लाखाहून जास्त फेरे घेऊ शकतो. एका बाजूला शेकडो अंश तापलेला धूर, आणि दांडा फिरतो तो ऑइलच्या पातळ थरावर. धातूला धातू लागू न देणं आणि उष्णता ओढून नेणं, दोन्ही कामं ऑइलच करतं. ऑइल कमी पडलं, उशिरा पोचलं किंवा जळून कोळसा झालं, की आधी टर्बो जातो. आणि टर्बो गेला की दोन-चार महिन्यांचे हप्ते त्यातच जातात.

"जाड ऑइल चांगलं" हे खरं का?

आपल्याकडे एक समज पक्का आहे. परभणीचा उन्हाळा ४० च्या वर जातो, म्हणून ऑइल जाडच पाहिजे. ऐकायला पटतं, पण अर्धंच खरं आहे.

डब्यावर १५डब्ल्यू-४० किंवा ५डब्ल्यू-३० असं लिहिलेलं असतं. 'डब्ल्यू' म्हणजे विंटर, हिवाळा. त्याच्या आधीचा आकडा थंडीतलं वागणं सांगतो. तो जितका लहान, तितकं ऑइल थंडीतही लवकर वाहतं. नंतरचा आकडा १०० अंशांना ऑइल किती घट्ट राहतं ते सांगतो. ३० पातळ, ४० त्याहून घट्ट.

आता मुद्दा असा की बाहेर ४३ अंश असो की १५, चालू इंजिनातलं ऑइल साधारण ९० ते ११० अंशांच्या आसपास असतं. जड माल आणि चढ असेल तर आणखी वर. म्हणजे बाहेरच्या उन्हाचा फरक आपल्याला वाटतो तेवढा पडत नाही. इंजिनाच्या आतल्या फटी किती बारीक आहेत, पंप किती दाबाचा आहे, हे पाहून कंपनी आकडा ठरवते. ठरवलेल्यापेक्षा जाड ऑइल टाकलं तर सकाळी स्टार्ट करताना ते टर्बोपर्यंत उशिरा पोचतं. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पारा १० च्या खालीही जातो, हे विसरू नका. शिवाय इंजिनाला ओढ बसते आणि ॲव्हरेज घटतं. ठरवलेल्यापेक्षा पातळ टाकलं तर भरल्या गाडीत थर तुटण्याची भीती. काही पुस्तकांत हवामानानुसार दोन ग्रेड दिलेले असतात. त्यातून निवडा, बाहेरचा तिसरा नको.

बादली का बाद झाली?

खरी गोष्ट इथे आहे. आमच्या बादलीतलं ऑइल खराब नव्हतं. जुन्या गाडीला ते योग्यच होतं. पण नवी गाडी बीएस-६ आहे.

१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ लागू झालं. डिझेलमधलं गंधक दहा लाख भागांत ५० वरून १० वर आलं आणि बहुतेक डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेत एक जाळी आली, तिला डीपीएफ म्हणतात. धुरातली काजळी ती अडवते. काजळी साठली की गाडी स्वतःच जाळीचं तापमान वाढवून ती जाळून टाकते. पण ऑइलमध्ये धातूचे क्षार असतात. थोडं ऑइल इंजिनात रोजच जळतं, त्या क्षारांची राख होते आणि ती राख काही केल्या जळत नाही. जाळीत बसते ती बसतेच.

जुन्या डिझेलमध्ये गंधक जास्त, त्यातून आम्ल व्हायचं. ते मारायला ऑइलमध्ये असे क्षार भरपूर घालावे लागत. आता डिझेल स्वच्छ आहे, म्हणून कमी राखेचं ऑइल चालतं आणि जाळीसाठी तेच लागतं. जास्त राखेचं ऑइल टाकलं तर उद्या काही होणार नाही, परवाही नाही. पण जाळी वेळेच्या खूप आधी भरते. मग गाडी ओढत नाही, दिवा लागतो आणि खर्च मोठा येतो. म्हणूनच "मी टाकलं, काही झालं नाही" या बोलण्यावर जाऊ नये.

डब्यावर काय वाचायचं?

ग्रेडच्या शेजारी एपीआय असं लिहून पुढे दोन अक्षरं असतात, डिझेलच्या ऑइलवर सहसा एक आकडाही. पहिलं अक्षर 'सी' असेल तर डिझेलसाठी, 'एस' असेल तर पेट्रोलसाठी. आमच्या बादलीवर सीआय-४ होतं, ती २००२ ची पायरी. सीके-४ ही डिसेंबर २०१६ ची, तिच्यात राखेवर १ टक्क्याची मर्यादा आहे. काही गाड्यांना एसीईए सी३ हे युरोपचं मानक लागतं, तिथे मर्यादा ०.८ टक्के. सीके-४ जुन्या डिझेल गाडीलाही सहसा चालतं, पण जुनं मानक नव्या गाडीला चालत नाही. एफए-४ असं लिहिलेलं पातळ ऑइल मात्र पुस्तकात नाव असेल तरच घ्या.

आणि १५डब्ल्यू-४० हा एकच ग्रेड सीआय-४ मध्येही मिळतो आणि सीके-४ मध्येही. म्हणून दुकानात नुसतं "पंधरा-चाळीस द्या" म्हणणं पुरेसं नाही. 'फुल सिंथेटिक' लिहिलं म्हणजे आपल्या गाडीला योग्य, असंही नाही. महाग ऑइलसुद्धा चुकीचं असू शकतं.

पुस्तकातून चार गोष्टी कागदावर उतरवा: ग्रेड, मानक, फिल्टरसह किती लिटर, आणि किती किलोमीटर किंवा किती महिन्यांनी बदलायचं. कंपनीचा स्वतःचा मंजुरी क्रमांक दिला असेल तर तोही. पुस्तक इंग्रजीत असेल तर घरातल्या शिकणाऱ्या मुलाला किंवा मुलीला वाचायला बसवा. हा कागद गाडीतच ठेवा.

रोजच्या सवयी

बदलण्याची मुदत किलोमीटर किंवा महिने, जे आधी येईल ते. कच्चा रस्ता, धूळ, जास्त माल, सतत थांबत चालणं असेल तर पुस्तकात मुदत कमी दिलेली असते. आपल्या बहुतेक गाड्या त्याच रकान्यात बसतात.

सपाट जागी, इंजिन बंद करून थोड्या वेळानं पट्टी काढून पाहा. डिझेलचं ऑइल काळं होतंच, त्यावरून ते गेलं असं समजू नका. पातळी पाहा. कमी झाली तर वाईट, आणि वाढली तर तेही वाईट. जाळी साफ होताना गाडी जादा डिझेल सोडते. ते काम पुन्हा पुन्हा अर्धवट राहिलं तर डिझेल खाली ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइल पातळ होतं. स्टेशन ते मोंढा, मोंढा ते गाव एवढ्याच फेऱ्या असतील, किंवा उरुसाच्या गर्दीत गाडी दिवसभर रांगत असेल, तर हे घडतं. डीपीएफचा दिवा लागला तर पुस्तकात सांगितल्याप्रमाणे मोकळ्या रस्त्यावर एकसारख्या वेगानं गाडी चालवा.

स्टार्ट केल्याबरोबर रेस देऊ नका. लांबून भरून आलात तर बंद करण्याआधी मिनिटभर इंजिन सावकाश चालू ठेवा. लगेच बंद केलं तर पंप थांबतो आणि तापलेल्या टर्बोत अडकलेलं ऑइल जागेवरच जळतं.

ऑइल ओळखीच्या, बिल देणाऱ्या दुकानातूनच घ्या. सील पाहा. बिलावर ग्रेड आणि मानक दोन्ही लिहून घ्या, वॉरंटीचा वाद झाला तर तोच कागद कामाला येतो. रिकामा डबा भोक पाडून टाका, नाहीतर त्यातच नकली माल भरला जातो. काढलेलं ऑइल नालीत सोडू नका, गॅरेजवरच जमा करा.

ती अर्धी बादली आम्ही एका ओळखीच्याच्या जुन्या गाडीसाठी दिली, तिच्या पुस्तकात तेच ऑइल लिहिलं होतं. भाच्याच्या गाडीत आता उन्हापासून बचावाच्या पट्टीमागे तो चार ओळींचा कागद खोचलेला असतो. परवा मीच विचारलं, "ऑइल कोणतं टाकलंस रे?" तो हसून म्हणाला, "मामू, आधी पुस्तक वाचलं."