भाव कोणी ठरवावा?

शेतमालाचा भाव उत्पादकाने ठरवावा, व्यापाऱ्याने की सरकारने, हा वाद आपल्याकडे जुनाच आहे. तो ग्राहकाने, आणि तोही आपल्या सदसद्विवेकबुद्धीला स्मरून ठरवावा, असे कोणी सुचविले तर त्याची गणना भोळसटांत होईल. परंतु जपानमधील एका शेतकरी कुटुंबाने हाच मार्ग पत्करला आणि अनेक दशके चालविला.

टोकियोच्या वायव्येस सैतामा प्रांतात ओगावा नावाचे गाव आहे. तेथे योशिनोरी कानेको यांनी १९७१ साली रासायनिक खते व कीटकनाशके वर्ज्य करून शेती आरंभिली. जपानी सेंद्रिय शेती संघटनेची स्थापनाही त्याच वर्षीची. शेतकरी आणि ग्राहक यांनी मध्यस्थावाचून परस्परांशी नाते जोडावे, या विचाराला तेथे ‘तेइकेई’ म्हणतात. कानेकोंनी १९७५ मध्ये दहा कुटुंबांशी तसा करार केला. दरमहा ठराविक वर्गणी, आणि बदल्यात शेतात जे पिकेल ते. दोनच वर्षांत हा प्रयोग मोडला. वर्गणी नियमाने येत होती. पण तिच्याबरोबर हिशेबही आला. एवढ्या पैशांत माल इतकाच का, बाजारात तर याहून स्वस्त मिळतो, ही कुरकुर सुरू झाली. थोडक्यात, दलाल गेला तरी बाजार गेला नव्हता. तो ग्राहकाच्या मनात ठाण मांडून होता.

यावर कानेकोंनी किंमत सांगणेच सोडून दिले. भाजी, धान्य, अंडी घरोघर पोहोचवावीत आणि ज्याने त्याने आपल्या ऐपतीप्रमाणे व कृतज्ञतेप्रमाणे द्यावे. हा व्यवहार भाबडा खरा. तथापि, घासाघिशीला जागाच न उरल्याने तो टिकला. बलुतेदारी पाहिलेल्या महाराष्ट्राला तो अगदीच अनोळखी वाटू नये. मात्र बलुत्यात जातीची सक्ती होती, येथे तिचा लवलेश नाही. हा भेद लहान नव्हे.

आपल्याकडे १९६३ च्या कायद्याने शेतमालाचा व्यवहार बाजार समित्यांच्या आवारात आणला. फळे व भाजीपाला यांवरील ते बंधन राज्य सरकारने २०१६ मध्ये उठविले. त्यामुळे शेतकऱ्याला शहरातील गृहसंस्थांच्या दारी उघडपणे माल विकता येऊ लागला. कायद्याची अडचण त्या प्रमाणात सरली. परंतु किडीने चाळण केलेली मेथीची जुडी पाहून नाक मुरडणारा आणि ‘मंडईत दोन रुपये कमी पडतात’ असे ऐकविणारा ग्राहक कोणत्याही अधिसूचनेने बदलत नाही. पाऊस लांबला की नुकसान एकट्या शेतकऱ्याचे आणि भाजी स्वस्त झाली की लाभ एकट्या ग्राहकाचा, अशी वाटणी असेल तर अशा विक्रीला ‘थेट’ म्हणून काय साधते?

ओगावातील शेजाऱ्यांनी कानेकोंचे अनुकरण लगेच केले नाही. जवळपास तीस वर्षे ते दुरूनच पाहत राहिले. पुढे परिसरातील एका टोफू बनविणाऱ्याने, पुन्हा पेरणी करता येईल अशा भावाने सोयाबीन विकत घेण्याची तयारी दाखविली, तेव्हा आजूबाजूच्या शेतांतूनही फवारणी थांबू लागली. २०१० साली त्या वस्तीला शेतीसाठी दिला जाणारा सम्राटाचा करंडक मिळाला.