पोटखराबातलं वर्तुळ

सातबाऱ्यावर ‘पोटखराब’ नावाचा एक रकाना असतो. नाला, खडक, खदान, पायवाट, म्हणजे जिथं पीक घेता येत नाही ती जागा त्यात दाखवायची. नागपूरच्या वायव्येकडच्या शिवारांत अडीच हजार वर्षांपूर्वीची काही स्मशानं याच रकान्यात गुडूप झाली आहेत. मी कोराडीत राहतो, आयुष्यभर पटवारीगिरी केली, तेव्हा हे सांगायचा थोडा अधिकार मला आहे.

आमच्या कोराडीला लोक येतात ते जगदंबेच्या दर्शनाला, नाहीतर वीज केंद्राच्या चिमण्या दुरून बघून ओळखतात. इथून तासाभराच्या आत, काटोल रोडकडे जुनापाणी आणि माहूरझरी आहेत, हे नागपूरकरांनासुद्धा सांगावं लागतं. जुनापाणीला सुमारे ३०० शिळावर्तुळं आहेत. काळ्या दगडाचे मोठमोठे गोटे गोलाकार मांडलेले, आत मुरूम, बारीक गोटे आणि काळ्या मातीचा उंचवटा. त्याखाली माणसं पुरलेली, सोबत त्यांची हत्यारं आणि भांडी. लोखंड वापरणाऱ्या, घोडे बाळगणाऱ्या लोकांची ही दफनं. टाकळघाट, खापा, नायकुंड, भागीमोहारी असा हा पट्टा पार जिल्हाभर पसरलेला आहे.

या गोट्यांपायी एकाचा जीवही गेला. ज्यांच्या नावानं नागपुरात हिस्लॉप कॉलेज आहे ते स्टीफन हिस्लॉप सप्टेंबर १८६३ मध्ये टाकळघाटची वर्तुळं पाहून घोड्यावरून परत निघाले आणि पुरानं भरलेल्या नाल्यात बुडाले. पुढं त्याच शतकात रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्यानं जुनापाणीला खोदलं. नंतर १९६१-६२ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या बी. के. थापरांनी तिथंच पद्धतशीर उत्खनन केलं. माहूरझरीला १९७० ते ७२ दरम्यान डॉ. शां. भा. देवांनी काम केलं. घोड्याच्या तोंडावर चढवायचे तांब्याच्या पत्र्याचे अलंकार, लोखंडी लगाम, कुऱ्हाडी, छिन्न्या, कार्नेलियनचे मणी, काही दफनांत थोडं सोनंसुद्धा मिळालं.

सगळं बिघडतं ते या थोड्या सोन्यानं.

माझ्या सोयऱ्यांचं वावर त्या भागात आहे. पऱ्हाटीच्या मधोमध एक वर्तुळ. त्यांच्या बापानं कधी तिथं नांगर घातला नाही, देवाचं ठाणं समजून बाजूनं फिरवला. एका अमावास्येनंतर त्यांचा फोन आला, “पटवारीसाहेब, येऊन पाहा, कोणी तरी कांड केलं.” गेलो. वर्तुळाच्या नेमक्या मध्यावर कमरेइतका खड्डा. कडेला कापलेली लिंबं, हळदकुंकू, अर्धवट जळालेली अगरबत्ती, दारूची रिकामी बाटली. बाहेर फेकलेल्या मातीत खापरं पडली होती, आतून काळी, बाहेरून तांबडी, ताज्या तुटलेल्या कडांची. म्हणजे भांडी आत धड होती, पहारीनं फुटली. एक लोखंडी वस्तू होती, गंजून ढेकळासारखी झालेली. ती सोन्याची नव्हती म्हणून धुऱ्यावर फेकून दिलेली.

ही टोळकी कशी चालतात ते गावोगावी ठाऊक असतं. कोणी बाबा सांगतो इथं हंडा आहे. मग एखादा पायाळू माणूस शोधतात, कारण पायाकडून जन्मलेल्याला भुईतलं धन दिसतं म्हणे. आता हंडा तिथं असेलच कशाला? ही पुरलेली माणसं आहेत, कोणाची तिजोरी नाही. आणि ज्या वस्तूंना किंमत आहे ती त्यांच्या जागेमुळं आहे. कुऱ्हाड डोक्याशी होती की पायाशी, घोडा माणसासोबत पुरला की वेगळा, भांडं उलटं होतं की सुलटं, यावरून त्या लोकांचं जगणं कळतं. एका रात्रीत हे सगळं कालवलं जातं. फेरफाराची वही फाडून पानं वाऱ्यावर सोडावीत तसं आहे ते. कागद राहतात, हिशेब जातो.

दुसरे चोर साधे आहेत. जेसीबी येतो, रस्त्याला किंवा विहिरीच्या बांधकामाला गोटे पाहिजेत म्हणून वर्तुळ उचलून नेतो. त्यांच्यात पाप कमी, नुकसान तेवढंच.

मग मालकानं करायचं काय? खासगी जमिनीत गुहा असली तर तोंडाशी दार बसवता येतं. अमेरिकेत असे कितीतरी गुहामालक आहेत. वटवाघळांना ये-जा करता यावी म्हणून आडव्या सळ्यांची दारं बसवतात आणि गुहेचा पत्ता कोणाला सांगत नाहीत. फ्रान्समधली लास्को गुहा १९४० मध्ये पोरांना सापडली तीही खासगी जमिनीत. १९४८ मध्ये ती लोकांसाठी उघडली, आणि माणसांच्या श्वासानं, दिव्यांनी चित्रांवर शेवाळ चढायला लागलं तेव्हा १९६३ मध्ये बंद करावी लागली. वर्तुळाला मात्र तोंडच नाही. ते उघड्या वावरात, चारी बाजूंनी मोकळं. तारेचं कुंपण घालायला खांब रोवावे तर खांबाच्या खड्ड्यातच दफन लागायचं. शिवाय पऱ्हाटीच्या मधल्या दोन गुंठ्यांना कुंपण दिसलं, की न ऐकलेल्यालाही वाटतं, आत काहीतरी आहे.

कायदा आहे, आणि बरा आहे. पण तो जिथं पोहोचला तिथंच. १९५८ च्या केंद्रीय कायद्यानं स्मारक संरक्षित जाहीर झालं असेल तर त्याला धक्का लावणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. जाहीर न झालेल्या वर्तुळाला ही ढाल नाही. तिथं मालकाच्या हातात उरतो तो अतिक्रमणाचा गुन्हा. पूर्वीचं कलम ४४७, आता भारतीय न्याय संहितेचं ३२९. तीन महिने कैद किंवा पाच हजार दंड, किंवा दोन्ही. त्याखेरीज १८७८ चा निखात निधी कायदा आहे, जो अजून जिवंत आहे. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही जमिनीत सापडलं तर जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवायचं. दहा रुपये! आज त्यात कटिंग चहा येतो. पण कायदा गमतीचा नाही. लपवणाऱ्याला वर्षभर कैद होऊ शकते, आणि लपवायला साथ देणाऱ्या जमीनमालकालाही सहा महिने. उलट जिल्हाधिकाऱ्यानं ती वस्तू सरकारसाठी घेतली तर किमतीवर एक-पंचमांश जास्त मोबदला मिळतो. बाबा-मांत्रिकाच्या नावानं अघोरी प्रकार केले असतील तर २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदाही लागतो. पोलीस ठाण्यात नुसतं “खड्डा खोदला” म्हणू नका, लिंबं आणि कुंकवासकट सांगा.

सोयऱ्यांना मी हे सांगितलं तर त्यांनी हात जोडले. “साहेब, सरकारले कळवलं तर वावरच जाईन नं?” ही भीती प्रत्येक गावात आहे, आणि चोरांच्या पथ्यावर पडते. ती सगळीच खोटी नाही. स्मारक संरक्षित झालं की २०१० च्या दुरुस्तीनुसार त्याच्यापासून १०० मीटरच्या आत नवीन बांधकाम होत नाही आणि पुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी काढावी लागते. ज्याला तिथं गोठा बांधायचा आहे त्याला हे जाचतंच. पण त्याच १९५८ च्या कायद्यात मालकी मालकाकडेच ठेवून करार करायची सोय आहे. जतन कोणी करायचं, पाहायला येणाऱ्यांना वाट कशी द्यायची, हे लिहून घ्यायचं. वावर वावरवाल्याचंच राहतं. हे कलम गावात कोणी वाचून दाखवत नाही.

मला पटलेला रस्ता कोकणातला आहे. रत्नागिरी, राजापूरच्या सड्यांवरची कातळशिल्पं बरीचशी खासगी जमिनीतच आहेत. सुधीर रिसबूड आणि त्यांच्या सोबत्यांनी गावोगाव फिरून ती नोंदवली, पण मालकांना आणि ग्रामपंचायतींना बरोबर घेऊन. उक्षीत जांभ्यावर कोरलेल्या हत्तीभोवती गावकऱ्यांनीच दगडी गडगा घातला. २०२२ मध्ये ही कातळशिल्पं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. तिथं पत्ता लपवला नाही, उलट शेजाऱ्याला ठाऊक करून दिला. गुहामालकांच्या गुप्ततेपेक्षा आपल्या गावांना हेच मानवतं. आपल्याकडं गुपित टिकत नाही, अफवा मात्र वाढते.

सोयऱ्यांच्या वावरात आम्ही तेच केलं. खड्डा तसाच ठेवून पंचांसमोर फोटो काढले, मोबाईलवर अक्षांश-रेखांश घेतले, गोट्यांची मापं लिहिली. खापरं वेचून घरी नेली नाहीत, जागेवर गोणपाटानं झाकली. ही मोठी मोहाची गोष्ट असते, विशेषतः शाळकरी पोरांना. माहूरझरीच्या शिवारात पावसाळ्यानंतर मणी वर येतात आणि पोरं डब्या भरतात, त्यांना कोण रागावणार? पोलीस पाटलाला बोलावलं, शेजारच्या चार वावरांच्या मालकांनाही. सगळ्यांसमोर ती गंजकी लोखंडी वस्तू दाखवली. “एवढंच आहे आत. सोनं असतं तर ही फेकून दिली नसती त्यांनी.” एक म्हातारा म्हणाला, “मंग आमच्या बापानं काऊन सांगतलं होतं हात लावू नका म्हनून?” कोणाला उत्तर सुचलं नाही, पण शेजारी तेव्हापासून रात्री बॅटरी मारून जातात.

गोट्यांवर खोलगट खळग्या असतात, त्या मी पोरांना मुद्दाम दाखवल्या. जुनापाणीच्या खळग्यांवर अभ्यासकांचे वाद चालू आहेत. काही जण त्यांचा संबंध आकाशातल्या दिशांशी लावतात. पोरांना हे सोन्यापेक्षा जास्त आवडलं. बोटं घालून मोजत बसली.

माझी एक मागणी आहे आणि ती पटवाऱ्याची मागणी आहे. पीक पाहणीसाठी शेतकरी आता मोबाईलवर फोटो चढवतोच. वर्तुळ असलेल्या गटाच्या सातबाऱ्यावर, इतर हक्काच्या रकान्यात, एक ओळ लिहावी: ‘प्राचीन शिळावर्तुळ, खोदकाम करू नये.’ जमीन विकली तरी ही ओळ पुढच्या मालकाकडं जाईल, आणि बँकेपासून बिल्डरपर्यंत ज्यानं सातबारा काढला त्याला वाचावीच लागेल. मिहान प्रकल्प झाला, रिंग रोड झाला, नागपूरभोवतीचं वावर आता एकराच्या नव्हे, चौरस फुटाच्या भावानं विकतं. गोटे कोणी मोजणार नाही.

सध्याच्या पटवाऱ्याला मी हे बोलून पाहिलं. पोरगा हुशार आहे. तो म्हणाला, “काका, अशा नोंदीचा जीआर दाखवा, आजच ओढतो.” त्याचं चुकलं नाही, मीही नोकरीत असतो तर हेच म्हटलं असतं. अर्ज तहसीलला दिला आहे, पोच घेऊन ठेवली आहे.