कणकुंबीचा पाऊस आणि घरातील तेल

बेळगावहून चोर्ला घाटाकडे जाऊ लागले म्हणजे घाटमाथ्यावर कणकुंबी हे लहानसे गाव लागते. येथील भात आणि नाचणी घरच्या कणगीत व फार तर जवळच्या बाजारात संपते. देशाच्या धान्याच्या आकड्यात तिचा मागमूसही लागावयाचा नाही. तथापि एक वस्तू हे गाव देशास भरभरून देते, ती म्हणजे पावसाचे पाणी. मलप्रभा नदी येथेच उगम पावते आणि पूर्वेस वाहत जाऊन सौंदत्तीजवळ नविलुतीर्थाच्या धरणात अडते. त्या मुलखात वर्षाकाठी जेमतेम सहाशे मिलिमीटर पाऊस. धरणात मात्र 37.73 अब्ज घनफूट पाणी मावते. त्यावर नवलगुंद, नरगुंदकडील काळ्या रानात मका, गहू, हरभरा व सूर्यफूल उभे राहते. घाटमाथ्यावर पाऊस उणा पडला, तर चाळीस-पन्नास कोसांवरील कालवे कोरडे राहतात.

अशा असंख्य मुलखांची बेरीज म्हणजेच देशाचे उत्पन्न. 1964-65 साली ती 894 लाख टन होती. पुढल्याच वर्षी पाऊस फसला आणि ती 723 लाखांवर घसरली. अमेरिकेहून गहू व मिलो आणून लोकांस जगवावे लागले. वडीलधाऱ्यांना ती लाल ज्वारी अद्याप आठवत असेल.

आता अलीकडची गोष्ट पाहा. 2023 मध्ये कर्नाटक सरकारने 236 पैकी 223 तालुके दुष्काळग्रस्त ठरविले. तरीही 2023-24 चे देशाचे अन्नधान्य 3,323 लाख टन भरले, आदल्या वर्षाहूनही किंचित अधिक! मग दुष्काळ गेला कोठे? पंजाब-हरियाणाचा गहू व भात विहिरींच्या आणि कालव्यांच्या पाण्यावर पिकतो. अशा प्रांतांनी एकंदर आकडा सावरला. आमच्याकडील करपलेले रान त्या बेरजेत दिसतच नाही.

तेलबियांचे तसे नाही. भुईमूग, सोयाबीन ही बहुतांशी आभाळाच्या भरवशावरची पिके. त्या एकाच वर्षात तेलबिया सुमारे 414 लाख टनांवरून 397 लाखांवर आल्या. देशाला लागणारे निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून येते, त्यात इंडोनेशिया-मलेशियाचे पामतेल मुख्य.

एवढी टंचाई असता निपाणीकडील सोयाबीनवाल्यास चांगला भाव मिळावयास हवा, असे कोणासही वाटेल. 2024 च्या हंगामात हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये होता. बाजारात दर त्याहून खाली होते. याचे कारण आम्हास उशिरा उमजले. शंभर किलो सोयाबीनमधून तेल निघते सुमारे अठरा किलो. उरते ती बहुतेक पेंड, आणि पेंडीस गिऱ्हाईक नसले की बियांचा भावही पडतो. त्या वर्षी सप्टेंबरात सरकारने आयात तेलावरील कर वाढविला. फोडणीचे तेल लगेच महागले. सोयाबीन मात्र त्या हंगामात हमीभावास पोचले नाही.